केडगाव, मोरगाव, बोर्डी : बालवाडीची वाट आणि 'सेविका' हा शब्द

(शिक्रापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला 'बालशिक्षणाचा इतिहास'. मी आयुष्यभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे एका मित्रानं विचारलंही, "तुमचा आणि बालवाडीचा काय संबंध?" संबंध आहे. अगदी जुना आहे. प्लेटोचा 'लॉज' नावाचा शेवटचा मोठा संवाद आहे. त्याच्या सातव्या भागात तो म्हणतो की तीन ते सहा वर्षांच्या मुलांना खेळ लागतो, आणि खेळ कुणी शिकवावे लागत नाहीत. मुलं एकत्र आली की आपले खेळ आपणच काढतात. म्हणून प्रत्येक गावातल्या मुलांना गावच्या देवळापाशी जमवावं, बरोबर दाया असाव्यात, आणि त्यांच्यावर देखरेखीला एकेक बाई नेमावी. आता बघा, तीन ते सहा वय, गावचं देऊळ, मुलं सांभाळणारी एक बाई आणि तिच्यावर देखरेख करणारी दुसरी. अंगणवाडी, मदतनीस, पर्यवेक्षिका! आपल्याकडे कित्येक अंगणवाड्या सुरुवातीला देवळातच तर भरत होत्या. प्लेटोचं हे कुणी ऐकलं नाही, ते तसंच पुस्तकात राहिलं, पण विचार म्हणून तो तेवीसशे वर्षांपूर्वी मांडला गेला होता एवढं लक्षात ठेवू.

युरोपातला पुढचा इतिहास मी भराभर सांगतो, कारण मला लवकर आपल्या भागात यायचंय. स्कॉटलंडमध्ये न्यू लॅनार्क इथे रॉबर्ट ओवेनची कापडगिरणी होती. तिथं १८१६ मध्ये त्यानं कामगारांच्या लहान मुलांसाठी शाळा उघडली. आई गिरणीत, मग मूल कुठं? फ्रोबेलनं जर्मनीत १८३७ मध्ये काम सुरू केलं आणि १८४० मध्ये त्याला नाव दिलं 'किंडरगार्टन', मुलांची बाग. हे इतकं निरुपद्रवी वाटतं, पण प्रशियाच्या सरकारनं १८५१ मध्ये किंडरगार्टनवर बंदी घातली. मुलं माती आणि ठोकळे घेऊन खेळतात याची सरकारला भीती वाटते, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. मग १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरीचं पहिलं बालगृह. ते का निघालं? आईबाप कामावर गेले की मुलं चाळींच्या भिंती खराब करतात, जिन्यांची नासधूस करतात, म्हणून इमारतींच्या मालकांनाच मुलं एका खोलीत हवी होती. माँटेसरीबाईंनी त्या खोलीत काय केलं ते जगाला माहीत आहे, पण खोली मिळाली ती भिंती वाचवण्यासाठी. ओवेनची गिरणी काय, रोमची चाळ काय, लहान मुलांच्या शाळेचा प्रश्न पहिल्यांदा उभा राहतो तो आई घराबाहेर कामाला गेल्यावर. सणसवाडीला सकाळी पाळी बदलताना उभं राहा, म्हणजे मी काय म्हणतोय ते दिसेल.

आता आपल्याकडे. रांजणगावचा गणपती करून मोरगावला जाणारे लोक न्हावऱ्यावरून चौफुल्याला येतात आणि पुढे सुप्यावरून मोरगावला जातात. अष्टविनायकाचा नेहमीचा रस्ता. या रस्त्यावर बालशिक्षणाच्या इतिहासातली दोन ठाणी आहेत आणि गाडीतल्या कुणालाही ते ठाऊक नसतं. चौफुल्याजवळचं केडगाव, दौंड तालुक्यातलं, हे पहिलं. दुसरं खुद्द मोरगाव.

केडगाव म्हटलं की पंडिता रमाबाई. रमाबाई १८८६ च्या मार्चमध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला पोचल्या, त्या डॉक्टर आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. चार दिवसांचं काम होतं, राहिल्या जवळजवळ तीन वर्षं. आपण शाळेत शिकतो की त्यांनी तिथं भाषणं दिली, 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' हे पुस्तक लिहिलं, विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. हे खरंच आहे. पण त्याच काळात त्या फ्रोबेलची पद्धत शिकत होत्या, किंडरगार्टनचं रीतसर शिक्षण घेत होत्या आणि त्या धर्तीवर मराठी क्रमिक पुस्तकं तयार करत होत्या. संस्कृतवर असामान्य प्रभुत्व असलेली, कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेली बाई ठोकळे आणि रंगीत कागद घेऊन बसते! आपल्या चरित्रकारांना हा भाग किरकोळ वाटतो. मला वाटत नाही. पुराणं लहान वयात कानावर पडून पाठ झाली तो शिक्षणाचा एक प्रकार रमाबाईंनी स्वतः अनुभवला होता. दुसरा प्रकार, हाताला आणि डोळ्याला काम देणारा, त्यांना तिथं दिसला. दोन्हींची तुलना करू शकेल असं माणूस त्या काळात भारतात दुसरं कोण होतं?

आणि त्यांचा एक व्यावहारिक विचारही होता. घरातून टाकलेल्या विधवेला सन्मानानं पोट भरता येईल असं काम कोणतं? शिक्षिका, मुलं सांभाळणारी, परिचारिका. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतातून मुली घेऊन आल्या त्या केडगावच्या माळावर. तिथल्या मुक्तिसदनात लहान मुलांचे किंडरगार्टन पद्धतीचे वर्ग चालले. म्हणजे फ्रोबेलचा ठोकळा दौंड तालुक्यात पोचला तो दुष्काळात वाचलेल्या मुलांच्या हातात. रमाबाईंच्या धर्मांतरामुळे पुण्यानं त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि त्यांच्या शिक्षणविचाराकडेही फिरवली. धर्माचं भांडण त्यांच्याशी होतं, मान्य. ठोकळ्यांशी काय भांडण होतं?

त्यामुळे झालं असं की पुढच्या पिढीला ही वाट गुजरातवरून फिरून यावी लागली. भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे वकील होते. वकिली सोडून त्यांनी १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढलं. १९२३ मध्ये त्यांना येऊन मिळाल्या ताराबाई मोडक. ताराबाई मूळच्या केळकर, जन्म मुंबईचा, १८९२ चा. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे. त्यांनी एका बालविधवेशी लग्न केलं, तीच ताराबाईंची आई. ताराबाई १९१४ च्या बी.ए. लग्न अमरावतीच्या वकील मोडकांशी. ते टिकलं नाही. मुलीला घेऊन त्या राजकोटला शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजवर गेल्या आणि तिथली चांगली नोकरी सोडून भावनगरला. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार काढलं. गिजुभाई १९३९ च्या जूनमध्ये गेले, आणि ज्या माँटेसरीबाईंच्या पुस्तकावर त्यांनी आयुष्य ओवाळलं त्या बाई भारतात आल्या नोव्हेंबरमध्ये. पाच महिन्यांची चुकामूक.

दादरचं शिशुविहार उत्तम चाललं होतं. पण तिथं येणारी मुलं कुणाची? मध्यमवर्गीयांची. माँटेसरीची साधनं, म्हणजे ते मनोरे, दट्टे, खडबडीत अक्षरं, बनवून घ्यायची तर पैसा लागायचा. गांधीजींचा आक्षेप नेमका हाच होता, की खेड्यातल्या गरीब मुलाला हे परवडणार कसं. १९४४ साली तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी नई तालीम जन्मापासून मरणापर्यंतची मानली आणि पूर्व-बुनियादी हा शब्द रुळला. ताराबाईंनी तो आक्षेप मनावर घेतला. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. आज तो भाग पालघर जिल्ह्यात येतो.

आणि इथं मोरगाव येतं. बोर्डीला ताराबाईंच्या सोबत उभ्या राहिलेल्या अनुताई वाघ मोरगावच्या, जन्म १७ मार्च १९१०. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. पुढे शिकून शिक्षिका झाल्या, पुण्यात हुजूरपागेत वर्षानुवर्षं शिकवलं, दिवसा शिकवायचं आणि रात्रशाळेत शिकायचं असं करत १९३७ मध्ये मॅट्रिक झाल्या. १९४५ मध्ये बोरिवलीच्या कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात ताराबाईंची गाठ पडली आणि पुण्यातली स्थिर नोकरी सोडून त्या बोर्डीला गेल्या. बी.ए. झाल्या तेव्हा पन्नाशी उलटली होती.

बोर्डीत काय झालं ते जरा सावकाश सांगतो. हरिजनवाड्यात बालवाडी काढली. मुलं येईनात. आली तर टिकेनात. आईबाप पहाटे कामावर गेलेले, मोठ्या मुलीच्या कडेवर धाकटं, अंगाला पाणी नाही, पोटात काही नाही. शहरातली कुठलीही शाळा म्हणाली असती की पालकांना जागृती नाही. ताराबाईंनी ठरवलं की मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं मुलाकडे जायचं. वाड्यातल्या एखाद्या घरापुढचं अंगण झाडायचं, तिथंच मुलांची तोंडं धुवायची, नखं काढायची, आणि तिथंच गाणी, गोष्टी, खेळ. साधनं कोणती? चिंचोके, शंखशिंपले, पानं, काड्या, माती. समुद्र शेजारी, झाडं डोक्यावर. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत हे शिकायला इटलीचा ठोकळा कशाला?

एक वर्ग ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळी भरायचा, ती मध्यवर्ती बालवाडी. दुसरा अंगणात भरायचा, ती अंगणवाडी. हे दोन्ही शब्द बोर्डीचे. शब्दाची गंमत बघा. 'किंडरगार्टन'चं सरळ भाषांतर 'बालोद्यान' झालं असतं, आणि कुणाच्या तोंडी बसलं नसतं. कोकणकिनाऱ्यावर वाडी म्हणजे नारळी-पोफळीची बागही आणि वाडी म्हणजे वस्तीही. फ्रोबेलची बाग आणि गरिबांची वस्ती एका शब्दात. तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून मी सांगतो, चांगली संकल्पना ओळखायची खूण ही, की तिला भाषेत आधीच घर सापडतं.

नेहमी असं लिहिलं जातं की ताराबाईंनी माँटेसरी पद्धतीचं भारतीयीकरण केलं, महाग साधनांऐवजी स्वस्त आणली. मला हे वर्णन अपुरं वाटतं. माँटेसरीच्या विचाराचा कणा म्हणजे 'सिद्ध केलेलं वातावरण'. मुलासाठी मोठ्यांनी मापात तयार केलेली जागा, छोट्या खुर्च्या, छोटी कपाटं, आणि मग मुलाचं स्वातंत्र्य. बोर्डीला हा क्रम उलटला. मुलाचं जे आहे ते अंगण धरायचं आणि ते शिकण्याजोगं करायचं. एकात मूल घरातून उचलून चांगल्या जागी नेतात, दुसऱ्यात मुलाची जागा चांगली करतात. हा फरक पैशाचा नव्हे.

यावर एक आक्षेप घेता येतो आणि तो मी टाळणार नाही. शाळा हरिजनवाड्याच्या अंगणात गेली याचा दुसरा अर्थ असा की वाड्यातल्या मुलाला गावात यावं लागलं नाही. सवर्णांची सोय झाली! हा प्रश्न गंभीर आहे. माझं उत्तर असं की अंगणवाडी ही मध्यवर्ती बालवाडीकडे नेणारी पायरी म्हणून योजलेली होती; अंगणात सवय झालेलं मूल पुढे सगळ्यांबरोबर बसायचं. पुढे जिथं फक्त अंगणवाडीच राहिली आणि मध्यवर्ती बालवाडी गेली, तिथं तो आक्षेप पुरता लागू पडतो. आजही वस्तीनिहाय अंगणवाडी आणि त्यात एकाच जातीची मुलं, हे चित्र आपण पाहतो.

पुढे १९५६-५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेलं. मुलं शाळेत नाहीत कारण ती गुरं राखतात. मग शाळा कुरणात गेली, तिचं नाव कुरणशाळा. मुली नाहीत कारण त्यांच्या कडेवर भावंडं. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, तिचं नाव विकासवाडी. ताईनं धाकट्याला पाळणाघरात ठेवायचं, मधल्याला बालवाडीत सोडायचं आणि स्वतः पहिलीत बसायचं. मुलींच्या शिक्षणावर आपल्याकडे ग्रंथच्या ग्रंथ आहेत. इतकी साधी तोड त्यातल्या फार थोड्यांना सुचली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, १९७३ च्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत काम सांभाळलं.

ताराबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. देशात तेहतीस प्रकल्प, महाराष्ट्रात मेळघाटातलं धारणी त्यात होतं. सरकारनं केंद्राला नाव दिलं अंगणवाडी. सन्मानच झाला. पण योजनेत सेवा सहा : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्यात पाठवणं, आईला आहार-आरोग्याचं शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण. शिक्षण हा सहांतला एक धागा. मी आहाराला नावं ठेवत नाही. उपाशी मुलाला शिंपले मोजायला लावू नये हे ताराबाईंनीच आधी सांगितलं. पण हळूहळू वजनकाटा, रजिस्टरं, आणि आता मोबाईलवरची माहिती, यांत ताईंचा दिवस संपतो. समोर बसलेल्या ताई मान हलवताहेत, म्हणजे मी फार चुकीचं बोलत नाही.

आता माझा आजचा मुख्य मुद्दा. तुम्ही चरित्रं एका ओळीत ठेवा. रमाबाई विधवा. अनुताई बालविधवा. ताराबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, आई पुनर्विवाहित बालविधवा. महाराष्ट्रातलं बालशिक्षण उभं केलं ते अशा बायकांनी, ज्यांना रूढ घर मिटलेलं होतं. त्यांनी कामालाच घर केलं. पगार किती हे त्यांनी विचारलं नाही. मूलबाळ-संसार या चौकटीत बसणारा हिशेब त्यांच्यापुढे नव्हता. ही त्यांची थोरवी. पण सरकारनं त्यांच्याकडून पद्धत अर्धीमुर्धी उचलली आणि त्यागाची भाषा मात्र पुरती उचलली. बाईला म्हटलं 'सेविका'. तिच्या पैशाला म्हटलं 'मानधन'. १९७५ मध्ये मॅट्रिक झालेल्या सेविकेला महिना दीडशे रुपये होते, न झालेलीला शंभर. २०१८ मध्ये केंद्राचा दर तीन हजारांवरून साडेचार हजारांवर गेला, राज्य त्यात आपली भर घालतं. शब्द वेतन असता तर किमान वेतनाचा कायदा आला असता, म्हणून शब्द मानधन. भाषा इथं हिशेबाचं काम करते.

२००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटकच्या एका खटल्यात म्हटलं की अंगणवाडी सेविकेचं पद हे सरकारी पद नव्हे. सोळा वर्षांनी, एप्रिल २०२२ मध्ये, गुजरातच्या दाहोदमधल्या सेविकांच्या खटल्यात त्याच न्यायालयानं त्यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू केला. म्हणजे त्यांना मिळतं ते वेतनच आहे हे मानलं. महाराष्ट्रातल्या सेविका डिसेंबर २०२३ मध्ये संपावर गेल्या तेव्हा वर्तमानपत्रांत पत्रं आली की सेवाभाव राहिला नाही. सावित्रीबाईंच्या, अनुताईंच्या नावाचे दाखले दिले गेले. ज्या बाईला संसार आहे, घरभाडं आहे, कॉलेजातला मुलगा आहे, तिला वैधव्याच्या मापानं मोजणं हे अनुताईंनाही मान्य झालं नसतं असं मला वाटतं.

कायद्याची आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. राज्यघटनेच्या मूळ कलम ४५ मध्ये 'चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंत' शिक्षण असं होतं. कुठून सुरुवात, ते लिहिलेलं नव्हतं, म्हणजे शून्यापासून. २००२ मध्ये घटनादुरुस्ती झाली, शिक्षण मूलभूत हक्क झालं, आपण पेढे वाटले, आणि हक्क ठरला सहा ते चौदा वयाचा. सहाच्या खालची मुलं पुन्हा राज्याच्या प्रयत्नांच्या यादीत. २००९ च्या कायद्यात त्यांच्याबद्दल 'सरकार व्यवस्था करू शकेल' अशी भाषा आहे. 'करील' आणि 'करू शकेल' यांत किती अंतर असतं ते आपण जाणता. २०२० च्या धोरणानं तीन ते आठ हा पायाभूत स्तर मानला, हे चांगलंच झालं, पण धोरणानं हक्क तयार होत नाही.

या पोकळीत काय उगवलं ते नगर रस्त्याला दोन्ही बाजूंना दिसतं. इंग्रजी नावाच्या, भिंतीवर परदेशी कार्टून रंगवलेल्या नर्सऱ्या. यशपाल समितीनं १९९३ मध्येच सांगितलं होतं की नर्सरीच्या प्रवेशासाठी मुलाखती-चाचण्या कायद्यानं बंद कराव्यात. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या बोटांत पेन्सिल देऊन त्याला चार रेघांत अक्षर काढायला लावणं हे फ्रोबेलपासून अनुताईंपर्यंत एकानंही सांगितलेलं नाही. पण पालकांना दोष देऊन भागणार नाही. आईला वाटतं की अंगणवाडीत नुसती खिचडी मिळते, वही तरी भरलेली दिसते ती नर्सरीत. अंगणवाडीतलं शिक्षण दिसेनासं केलं आपणच, मग वही हा पुरावा झाला.

आणि अंगण तरी कुठं उरलंय? शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा, रांजणगाव या पट्ट्यात मराठवाडा-विदर्भातून आणि उत्तरेकडून आलेली कुटुंबं दहा बाय दहाच्या खोलीत राहतात. दोघं पाळीवर. आजी गावाकडे. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांच्या कोपीपुढे आजही सात वर्षांची ताई दीड वर्षाचं भावंड घेऊन बसलेली दिसते. बोर्डीला १९४५ मध्ये होती तीच मुलगी. तिच्यासाठी अंगणवाडी उपयोगाची नाही, कारण अंगणवाडी दुपारी सुटते आणि आई अंधार पडल्यावर येते. तिला हवी विकासवाडी, पाळणाघरासकट. १९४८ च्या कारखाने कायद्यात तीसहून जास्त स्त्री कामगार असतील तिथं पाळणाघर सांगितलं होतं, २०१७ च्या प्रसूती लाभ कायद्याच्या दुरुस्तीनं पन्नास कर्मचाऱ्यांच्या प्रत्येक आस्थापनेला ते सांगितलं. इथल्या कारखान्यांत कंत्राटी बायका मोजल्या जातात का, आणि मोजल्या तर कुणाच्या खात्यावर, हे समोरच्या कामगार बंधूंनी सांगावं.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाचे दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. कारखान्यांच्या पट्ट्यातल्या पंचायतींचं उत्पन्न लहान नसतं. त्यातून शिलाई मशिनचं वाटप किती झालं आणि पाळणाघरं किती निघाली, हा प्रश्न मी विचारून ठेवतो. पंचायतीचे काही सदस्य सभागृहात आहेत, माझ्यापेक्षा त्यांच्याकडूनच उत्तर ऐकणं बरं. प्रश्नोत्तरांना अर्धा तास राखून ठेवलाय, तेव्हा मी इथं थांबतो.